कंदाईचं गाणं आणि घटकेची वाटी

फार पूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही इतक्या पूर्वी, डोंगराच्या बेचक्यात एक चाळीस उंबऱ्यांचं गाव होतं. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कडा. आषाढ लागला की नदी दोन्ही काठ सोडून धावायची आणि दोन महिने गावाचा जगाशी संबंध तुटायचा.

त्या दोन महिन्यांत घरातलं धान्य संपत आलेलं असायचं आणि नवं शेतातच उभं असायचं. मग गाव कडूकंदावर जगायचं. डोंगरात हवा तेवढा मिळायचा हा कंद, पण होता मोठा खोडकर. कमी शिजला तर पोट ढवळून निघायचं. जास्त शिजला तर हंड्यातलं राखेचं पाणी आत मुरायचं आणि घसा सोलवटायचा. नेमका शिजला तर मात्र लोण्यासारखा मऊ, आणि दिवसभर भूक लागायची नाही.

नेमका शिजवायचा कसा, हे गावातल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं. कंद सोलायचा, त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात हंडा चढवायचा आणि कंदाईचं गाणं म्हणायचं. कंदाई म्हणजे गावची देवी. गाण्याची कडवी एकवीस. एकविसावं संपलं की हंडा उतरवायचा, पाणी फेकायचं, चकत्या ओढ्यात धुवायच्या. आई कंदातलं कडूपण स्वतः पिऊन टाकते आणि लेकरांना गोड तेवढं ठेवते, असं सगळे मानत. मानायला गोड होतं, आणि पोटही भरत होतं.

देवीच्या देवळात एक गुरव होता. मनानं चांगला, पण उत्साहाला आवर नसलेला. पाच वर्षांमागे तो नदीपलीकडच्या जत्रेत गेला आणि तिथून एक मोठा ढोल आणि झांजांचे दोन जोड घेऊन आला. म्हणाला, "घरोघरी पुटपुटून काय म्हणता आईचं गाणं? देवळासमोर या सगळे. चाळीस हंडे एका रांगेत मांडा. ढोल वाजू दे, आईला कळू दे आपली भक्ती!"

लोकांना ते फार आवडलं. कुणाला नाही आवडणार? पहिलं कडवं संथ चालायचं, पाचव्याला ढोल अंगात यायचा, दहाव्याला बायका डुलू लागायच्या आणि विसाव्यापर्यंत असा काही ताल चढायचा की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पायही जागेवर राहत नसत. दरवर्षी भक्ती वाढत होती. दरवर्षी ताल वाढत होता.

आणि दरवर्षी, हळूहळू, गावाचं पोट बिघडत होतं.

पहिल्या वर्षी नुसती मळमळ. मग उलट्या. पाचव्या वर्षी आषाढात निम्मं गाव अंथरुणाला खिळलं. गुरव घाबरला. त्यानं देवीपुढे डोकं टेकलं आणि गावाला सांगितलं, "आई रुसलीय. आपली भक्ती कमी पडतेय. उद्यापासून दुप्पट जोरानं म्हणायचं!" दुसऱ्या दिवशी ढोल असा वाजला की कड्यावरची घारसुद्धा उडाली, आणि संध्याकाळपर्यंत आणखी सहा जण आडवे झाले.

आता या गुरवाला एक थोरली बहीण होती. नवरा वारल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती. तिला लहानपणापासून एक खोड. कुणी काही सांगितलं की ती विचारायची, "कशावरून?" उद्या ऊन पडेल म्हटलं, कशावरून? चिंचेखाली भूत आहे म्हटलं, कशावरून? गावातली पोरं तिला कशावरून-आत्या म्हणत आणि मोठी माणसं तिच्या मागे तेच म्हणत. तिनं गाणं म्हणणं कधीच सोडलं होतं. "गाण्यानं कंद शिजत असता तर लाकडं कशाला फोडली असती?" असं ती म्हणे.

बहिणीनं कंबर कसली. आधी म्हणाली, ओढ्याचं पाणी बिघडलंय, वरच्या झऱ्याचं आणा. बायकांनी आठ दिवस चढावरून घागरी वाहिल्या. उलट्या थांबल्या नाहीत. मग म्हणाली, राख एकाच झाडाची हवी. मग म्हणाली, विळीला गंज आहे. लोक वैतागले. "तुझ्या झऱ्यापायी आमच्या कमरा मोडल्या बाई," असं एकीनं तोंडावर सुनावलं.  तिनं पाणी तपासलं, राख तपासली, विळी तपासली. गाणं तेवढं तपासलं नाही, कारण त्यात काही नाहीच हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

ती एवढी का धडपडत होती, तेही सांगायला हवं. गुरवाची एकुलती लेक सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरून आठवा लागला होता. आईविना वाढलेली पोर, आत्यानंच अंगाखांद्यावर खेळवलेली. तिच्यासाठी घरातली उरलीसुरली नाचणी राखून ठेवली होती आणि रोज त्यातल्या एका मुठीची आंबील तिला मिळत होती. मडकं तळाला लागलं होतं. नाचणी संपली की सगुणेलाही कंद खावा लागणार, आणि कंद खाऊन तिला उलट्या सुरू झाल्या तर ती आणि तिचं बाळ, दोघांचं काय होईल, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मडक्यात चार मुठी उरल्या, तेव्हा बहीण पदर खोचून घरोघर नाचणी मागत निघाली. कुणाकडेच नव्हती. फिरत फिरत ती गावाच्या टोकाला चिमाकाकूच्या खोपटापाशी पोचली.

चिमाकाकू म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. वीस वर्षांपूर्वीच कानानं जवळजवळ बहिरी झालेली, कानाशी ओरडलं तरच ऐकणारी. ती देवळासमोर हंडा घेऊन येत नसे. "मला मेलीला ढोल ऐकू येत न्हाई, तिथं बसून काय धूर खाऊ?" म्हणायची, आणि आपल्याच चुलीवर आपला कंद शिजवायची.

बहीण आत शिरली तर चिमाकाकू मांडी ठोकून मजेत जेवत होती. ताटात कंदाच्या चकत्या, वर मीठ. अंगानं ठणठणीत. बहीण बघतच राहिली.

तिनं म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "काकू, तुम्हाला उलट्या नाही होत?"

"उलट्या? मला कशाला व्हतील? आईचा परसाद हाय. घे, खा."

बहिणीनं एक चकती खाल्ली. मग तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. दिवस कलला तरी पोटात काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पुन्हा हजर झाली. म्हातारीनं कंद कुठून काढला, तर सगळे काढतात तिथूनच. पाणी ओढ्याचंच. राख चुलीतली, मिळेल त्या लाकडाची. विळी तर अशी गंजलेली की हातात घ्यायला भीती वाटावी. बहिणीला काही कळेना.

हंडा चढला. चिमाकाकूनं हात जोडले आणि गायला लागली.

हळूहळू ये गं आई, डोंगर उतरून,
दमानं टाक पाऊल, दगड चुकवून…

बहिणीचं लक्ष हंड्यावर होतं. ती उकळी बघत होती, रंग बघत होती, वाफ हुंगत होती. म्हातारी प्रत्येक ओळ दोनदा म्हणत होती, मध्ये श्वास घेत होती, मध्येच लाकूड सारत होती, मग सोडलेल्या ठिकाणापासून पुढं. बहिणीच्या पायाला मुंग्या आल्या. तिनं मांडी बदलली. पुन्हा मुंग्या आल्या. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "अजून किती राहिलंय या गाण्याचं?" म्हातारीला अर्थातच ऐकू आलं नाही. बहिणीनं मनात कडवी मोजली, आणि ती ताडकन उठून उभी राहिली. म्हातारी अजून अकराव्या कडव्यावर होती. देवळासमोर एवढ्या वेळात गाणं संपून, हंडे उतरून, चकत्या ओढ्यावर पोचल्या असत्या.

ती धावत देवळामागच्या घरी आली. आभाळ महिनाभर झाकलेलं होतं, त्यामुळे सावलीवरून वेळ मोजायची सोय नव्हती. पण देवळात घटकेची वाटी होती. तांब्याची, बुडाला बारीक भोक असलेली. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. पाणी आत शिरत शिरत ती बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त त्या वाटीवर मोजत, आणि एरवी तिला कुणी हात लावत नसे.

"मला वाटी दे," ती भावाला म्हणाली. "गाणं मोजायचंय."

गुरवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आक्का, आईच्या गाण्याला माप लावणार तू?"

"लग्न लावताना मोजतोस की. तेव्हा देव रागावतात?"

"लग्न माणसांचं असतं. गाणं आईचं आहे. आजवर तू काय काय बोललीस, मी ऐकून घेतलं. पण हे नाही."

"अरे, गाण्यात खोट आहे असं मी म्हणतच नाहीये! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की गाण्यात काहीतरी आहे. तेच बघायचंय."

गुरव मान फिरवून उभा राहिला.  आईला मोजणं म्हणजे आईवर संशय घेणं, असंच त्याला वाटत होतं. तेवढ्यात आतून सगुणेचा आवाज आला.

"आबा, मडक्यात आता दोनच मुठी आहेत."

 गुरव गाभाऱ्यात गेला, वाटी काढली, देवीच्या पायांना लावली आणि म्हणाला, "चुकत असेन तर मला एकट्याला शिक्षा दे गं." दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन तो स्वतःच बहिणीबरोबर निघाला.

आधी त्यांनी देवळासमोरचं गाणं मोजलं. ढोल घुमला, झांजा वाजल्या, लोक घामाघूम झाले. गाणं संपलं तेव्हा वाटी एकदा बुडून दुसऱ्यांदा अर्धीसुद्धा भरली नव्हती.

मग ते चिमाकाकूकडे गेले. वाटी एकदा बुडाली. दुसऱ्यांदा बुडाली. तिसऱ्यांदा ती तळाला टेकली आणि म्हातारीचं एकविसावं कडवं संपलं.

बहीण आनंदानं काही बोलणार होती, पण भावाकडे बघून थांबली. गुरव रडत होता. त्याला मापाचं काही सुचत नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, ही आपल्या आईची चाल. ती चुलीपाशी असंच म्हणायची. मी विसरलो होतो." आणि मग थोड्या वेळानं, "हळूहळू ये गं आई, असं म्हणतोय आपण पाच वर्षं. आणि तिला कसं पळवतोय!"

बहिणीला हसूही आलं आणि भावाची दयाही आली. ती म्हणाली, "तू पळवलंस, आणि मी तिच्याकडे बघितलंच नाही. चल, घरी चल."

दुसऱ्या दिवशी घरी हंडा चढवायचा ठरलं. भाऊबहीण आधी खाणार, आणि त्यांना दिवसभर काही झालं नाही तर तेव्हाच सगुणेला द्यायचं. त्यांना काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मडकं रिकामं होतं आणि सगुणेचा कंद चुलीवर चढला.

गुरवानं चिमाकाकूला मुद्दाम हाताला धरून आणलं होतं. बहीण म्हणाली, "येऊ दे, बसू दे. पण गाण्याची आता गरज नाही. तीन वाट्या, एवढं कळलंय ना? तीन वाट्या बुडाल्या की हंडा खाली. झालं." तिचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांच्या 'कशावरून'ला एकदाचं उत्तर मिळालं होतं, तिचा तरी काय दोष? म्हातारी भिंतीला टेकून कोपऱ्यात बसली. गुरव ओढ्यावर पाणी आणायला गेला.

पहिली वाटी बुडाली. बहिणीनं ती उपसून पुन्हा सोडली. एवढ्यात आतल्या खोलीत सगुणा कळवळली. बहीण आत धावली. पोरीला घेरी आली होती, हातपाय गार पडले होते. आत्यानं तिचे तळवे चोळले, पाणी पाजलं, मांडीवर डोकं घेतलं. मध्येच एकदा बाहेर येऊन तिनं वाटी उपसली की उपसायचं नुसतं मनात आणलं, कोण जाणे. सगुणा जरा शांत झाली तेव्हा ती चुलीपाशी परत आली, आणि घंगाळात वाकून बघू लागली.

वाटी तळाला होती. पण ही दुसरी की तिसरी? आणि आत्ता बुडाली की केव्हाची बुडून पडलीय?

वाटीला विचारून उपयोग नव्हता. तिला विचारलं तर ती फक्त बुडालेली दिसत होती. कमी शिजला तर पोरीला उलट्या, जास्त शिजला तर घसा सोलणार आणि ती अन्नाला शिवणार नाही. आज तिच्या पोटात कालपासूनचं काही नव्हतं. बहिणीनं फडकं घेतलं आणि हंड्याच्या काठाला हात घातला.

तिच्या मनगटावर एक सुरकुतलेला हात येऊन पडला.

"ठेव ठेव," चिमाकाकू म्हणाली. "अजून दोन कडवी हायत."

हंडा चढला त्या क्षणापासून म्हातारीचे ओठ हलत होते. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि कुणी नको म्हटलेलं तिला ऐकूही आलं नव्हतं. जन्मभर हंडा चढला की गाणं सुरू व्हायचं, तसंच आजही झालं होतं. घरात एवढी धावपळ उडाली, पण एका कडव्यानंतर कुठलं कडवं येतं ते चुकायची तिला सवयच नव्हती.

बहिणीनं हंडा सोडला. तिनं म्हातारीच्या ओठांकडे बघितलं आणि कितीतरी वर्षांनी गायला तोंड उघडलं. विसावं कडवं दोघींनी म्हटलं. एकविसाव्याला गुरव दारात घागर घेऊन येऊन उभा राहिला होता, त्यानंही आवाज मिसळला. शेवटची ओळ दोनदा म्हणून झाली आणि मग बहिणीनं हंडा उतरवला.

सगुणेनं चार चकत्या खाल्ल्या. तिघंही तिच्या तोंडाकडे बघत बसली. दिवस कलला. सगुणा म्हणाली, "आत्या, आणखी आहे का गं?" तेव्हा आत्या पदरात तोंड लपवून रडली आणि गुरवानं देवीला जन्मातला सगळ्यात मोठा नमस्कार घातला.

गावानं गाणं पुन्हा संथ चालीत धरलं आणि आठ दिवसांत उठून बसलं. ढोल कुणी फोडला नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय गुन्हा? तो आता जेवणं झाल्यावर वाजू लागला, मग हवा तेवढा जोरात वाजो. भादव्यात सगुणेला मुलगी झाली.

बारशाला चिमाकाकूला पहिला मान दिला. तिची ओटी भरली, तिला काय चाललंय ते कानात ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मी काय केलं? माझ्या सासूनं शिकिवलं तसं म्हनते." तेव्हा सगुणा पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाली, "आणि त्यांच्या सासूला कुणी शिकवलं असेल? हे पहिल्यांदा कळलं तरी कुणाला?"

 बहीण हळूच म्हणाली, "कुणीतरी उपाशी बाई असणार. तिनं कच्चा खाल्ला असेल, आजारी पडली असेल. मग थोडा शिजवून बघितला असेल. मग जास्त. किती वेळा घसा सोलून घेतला असेल तिनं, आणि तरी पुन्हा हंडा चढवला असेल."

"आणि कळल्यावर तिच्याकडे वाटी नव्हती," गुरव म्हणाला. "लिहिता येत नव्हतं. म्हणून तिनं ते आईच्या हवाली केलं. आईचं गाणं कुणी टाकणार नाही, एवढी तिला खात्री असणार." तो बहिणीकडे वळला. "आक्का, ती तुझ्यासारखी होती की माझ्यासारखी?"

 "तुझ्यासारखी असती तर तिला हे सापडलं नसतं," बहीण म्हणाली. "आणि माझ्यासारखी असती तर आपल्यापर्यंत पोचलं नसतं. आपण दोघं मिळूनही तिच्या निम्मे नाही रे."

मग तिनं हात जोडले. गाभाऱ्याकडे नाही आणि चुलीकडेही नाही, असेच समोर. ज्या बाईचं नावही कुणाला माहीत नव्हतं, तिच्यासाठी.

तेव्हापासून त्या गावात आषाढातला पहिला हंडा चढायच्या आधी गुरव देवळातली वाटी काढतो आणि सगळं गाव तिच्यासमोर बसून गाणं म्हणून बघतं. तीन वाट्या भरल्या तर ठीक, नाहीतर चुकलं कुठं ते शोधायचं, गाण्यातही आणि वाटीच्या भोकातही. शिजलेल्या कंदाची पहिली चकती कुणी खात नाही. ती पानावर ठेवून बाविसावं कडवं म्हणतात. हे कडवं कशावरून-आत्यानं रचलेलं.

जिनं चाखलं पहिल्यांदा, जिनं सोसलं,
नाव तिचं ठाव नाही, पोट आमचं पोसलं.

फक्त हे कडवं हंडा उतरवल्यावर म्हणायचं, अशी आत्यानं सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती. माप चुकायला नको.

तात्पर्य विचाराल तर इतकंच: आपल्या पानातला प्रत्येक घास कुणीतरी आधी शंका घेऊन पारखलेला असतो आणि कुणीतरी श्रद्धेनं आपल्यापर्यंत आणून पोचवलेला असतो, म्हणून प्रश्न विचारताना आधी हात जोडावेत, आणि हात जोडल्यावरही प्रश्न विचारायला विसरू नये.